लाल दोऱ्याचं औषध

स्टुडिओ म्हटल्यावर काचेचं दार आणि थंडगार खोली असं काहीतरी मनात धरून मी गेले होते. प्रत्यक्षात कुंभकोणमच्या भांड्यांच्या दुकानांमागे एक बोळ आहे, त्या बोळात एक शिंपी बसतो, आणि त्याच्या डोक्यावरची एक खोली म्हणजे तो स्टुडिओ. जिना इतका अरुंद की वरून कुणी उतरत असेल तर खालच्याने थांबायचं. आत दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर, आणि भिंतीभर चिकटवलेल्या जुन्या कागदी पिशव्या, काडेपेटीची चित्रं, कॉफीच्या पुड्यांची लेबलं. बाहेर पाटी नाही.

गावभराच्या पाट्या करणाऱ्यांची स्वतःची पाटी नाही, हे मला पहिल्या दिवशी फार विचित्र वाटलं. विचारायचं धाडस झालं नाही. पेंटर अण्णांनी ते माझ्या तोंडावरून ओळखलं असावं.

"विचारत विचारत आलीस ना वर?" ते म्हणाले. "मग झालं. पाटीनं आणखी काय केलं असतं?"

पेंटर अण्णा पूर्वी ब्रशने दुकानांच्या पाट्या आणि लॉऱ्यांच्या पाठी रंगवायचे. फ्लेक्स आले आणि त्यांचं काम गेलं. स्टुडिओ चालवतात त्या अक्का बंगळुरूला मोठ्या जाहिरात कंपनीत होत्या, त्या परत आल्या तेव्हा त्यांनी आधी अण्णांना शोधून काढलं, कॉम्प्युटर नंतर घेतला. तिसरी मी. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला सहा आठवडे कुठेतरी काम शिकायचं असतं, म्हणून गेलेली. आमच्या घरातून कॉलेजात जाणारी मी पहिलीच. आम्ही इन्नंबूरला राहतो. बाबा लग्नाच्या स्वयंपाकाला जातात, आई देवळासमोर बसून फुलं गुंफते. घरात पिढ्यान्पिढ्या तमिळ मुलखात राहिलेल्या आमच्या लोकांची जुनी मराठी चालते, जी ऐकून पुण्याकडचे लोक हसतात. उंबऱ्याबाहेर सगळी तमिळ. मराठी लिहायला मी कॉलेजात आल्यावर शिकले, तेव्हा कुठे अडखळले तर समजून घ्यावं.

अक्कांचा एक नियम होता. कुठलंही काम घेतलं की आधी आठ दिवस त्या दुकानात जाऊन बसायचं. काही काढायचं नाही. फक्त बघायचं आणि ऐकायचं. मला वाटायचं, गिऱ्हाईक कंटाळून दुसरीकडे जाईल. तिरुविडैमरुदूरच्या एका खानावळीवाल्याला पाटीवर सिंह हवा होता, गर्जना करणारा. अक्का आठ दिवस तिथे जेवल्या आणि म्हणाल्या, "सिंह राहू द्या. रेल्वेतून उतरून येणारी माणसं बॅगा घेऊन तुमच्या पायरीला ठेचकाळतात आणि शेजारच्या हॉटेलात जातात." अण्णांनी पायरी हळदीसारखी पिवळी रंगवली आणि तिच्यावर पानाचं चित्र काढलं. खानावळीवाला महिनाभर बोलला नाही. मग एके दिवशी स्वतः डबा घेऊन जिना चढून आला. डब्यात परुप्पु उसिली होती, म्हणजे डाळ वाटून केलेली शेंगांची भाजी. अण्णा खाता खाता म्हणाले, "सिंह असता तर भाजी मिळाली नसती."

असल्या गोष्टी पाहून मी त्या दोघांकडे फार आदराने बघू लागले. सहा आठवडे संपले तरी मी जात राहिले. कुणी जा म्हणालं नाही.

त्याच सुमारास मामींचं काम आलं. त्यांना सगळा गाव मामीच म्हणतो.

मामींचं काष्ठौषधीचं दुकान आहे, मोठ्या तळ्याच्या पलीकडे. सुंठ, पिंपळी, कोळिंजन, ओवा, धणे, सगळं कुटून पुड्या बांधून विकायचं. तीन पुड्यांवर ते दुकान चालतं: तान्ह्या मुलांची गुटी, बाळंतिणीचं औषध आणि दिवाळीचं औषध. आमच्याकडे दिवाळीला पहाटे तेल लावून न्हायल्यावर आधी लेह्याची, म्हणजे औषधी चाटणाची, गोळी खायची आणि मग फराळ. त्या लेह्याचा मसाला लोक वर्षातून एकदा घेतात, आणि त्या तीन आठवड्यांवर मामींचं वर्ष निघतं.

मामींचे यजमान, गावाचे मामा, आदल्या वर्षी गेले. चेन्नईचा मुलगा म्हणत होता, दुकान बंद कर आणि माझ्याकडे ये. शेवटी त्यांच्यात ठरलं की या दिवाळीपर्यंत बघायचं. दुकान उभं राहिलं तर मामी इथे, नाहीतर कुलूप.

"मला चेन्नईत त्याच्या घरी काही त्रास नाही," मामी अक्कांना म्हणाल्या. "पण तिथे सकाळी उठून मी कुणाची कोण?"

वर्तमानपत्रात बांधलेल्या पुड्या बघून नवी पोरं येत नाहीत, म्हणून नवी पाकिटं करायची असं ठरलं. अक्का माझ्याकडे वळल्या. "आठ दिवस तू बस. हे काम तुझं."

मी रात्रभर आनंदाने झोपले नाही वगैरे म्हणणार नाही. भीती वाटली. आपल्याला नुसतं बसून काही दिसलं नाही तर, ही भीती. म्हणून मी कॉलेजात शिकवलं होतं तसा एक फॉर्म तयार केला. तमिळमध्ये, दहा प्रश्न, पुढे चौकोन. पुडीवर काय लिहिलेलं आवडेल? अक्षरं केवढी हवीत? तारीख हवी का? मला त्या फॉर्मचा अभिमान वाटत होता. नुसतं बसण्यापेक्षा हे शहाणपणाचं, असंही वाटत होतं.

आठ दिवस मी पेन पुढे करत दुकानाच्या बाकावर बसले. बँकेतले, शाळेतले, कॉलेजातले लोक भराभर चौकोन भरत. काही बायका कागद हातात घेत, थोडा वेळ धरत आणि परत देत.

"चष्मा आणला नाही गं."

"आज बस चुकेल. पुढच्या वेळी."

"तूच भर, तुला कळतं सगळं."

अशा प्रत्येकीपुढे मी वहीत लिहिलं: घाईत होत्या.

आठव्या दिवशी मी सगळं अक्कांसमोर मांडलं. लोकांना स्वच्छ कागद हवा, मोठी अक्षरं हवीत, आत काय काय आहे त्याची यादी हवी. अक्कांनी कागद चाळले. मग विचारलं, "आणि ज्यांनी भरला नाही?"

"त्यांना घाई होती," मी म्हणाले.

अक्का क्षणभर थांबल्या. पण मी इतक्या खात्रीने म्हटलं होतं की त्या पुढे गेल्या.

पाकिटं सुंदर झाली. आजही म्हणते. दुधात केशर घातल्यासारखा रंग, अण्णांनी ब्रशने काढलेली अक्षरं, खाली बारीक पिंपळीची डहाळी. तिन्ही औषधांना एकच रूप, फक्त नाव वेगळं. पहिला गठ्ठा दुकानात लावला तेव्हा मामींनी एक पाकीट यजमानांच्या फोटोपुढे ठेवलं. मी नमस्कार केला. मनात म्हटलं, आपण हे करू शकतो.

दिवाळीला तीन आठवडे होते.

चार दिवसांनी मामी स्वतः जिना चढून आल्या. हातात पिशवी. बसल्या, पाणी प्यायल्या, आणि बराच वेळ पाकिटांचं कौतुकच करत राहिल्या. अक्कांनी पेन खाली ठेवलं.

"मामी, काय झालं?"

"पोरी, पाकिटं सुंदरच आहेत. लग्नाच्या आमंत्रणासारखी." त्यांनी पिशवीतून चार-पाच काढून टेबलावर ठेवली. "पण माझी माणसं परत जातायत. हातात घेतात, उलटसुलट करतात, ठेवतात आणि जातात. काल एकीने दिवाळीचं म्हणून बाळंतिणीचं नेलं. आज परत आली, म्हणते, मामी, माझी थट्टा करता का? या वयात!"

अण्णांना हसू आलं. मामींनाही आलं, पण डोळे पुसत. "मुलगा येणार आहे दिवाळीला," त्या म्हणाल्या आणि रिकाम्या पिशवीची घडी करू लागल्या.

मला वाटलं, अक्षरं आणखी मोठी हवी होती. मी तसं म्हणालेसुद्धा. अक्का उठल्या, चपला घातल्या आणि दुकानात जाऊन बसल्या. दिवसभर. मी त्यांच्याबरोबर गेले नाही. स्टुडिओत बसून कॉम्प्युटरवर अक्षरं मोठी करत राहिले.

संध्याकाळी घरी जाताना तिन्ही पाकिटं पिशवीत टाकली. आई चुलीपुढे होती. दिवाळीला आपल्याकडेही लेह्य करायचं असतंच, म्हणून मी तीन पाकिटं ओट्यावर ठेवली आणि सहज म्हटलं, "आई, यातलं दिवाळीचं काढून ठेव. बाकीची उद्या परत न्यायची आहेत."

आईने पदराला हात पुसले. एक पाकीट घेतलं, दुसरं घेतलं. डहाळीवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "राहों दे गे. चष्मा घरीं राहिला."

आम्ही घरीच होतो. आमच्याच स्वयंपाकघरात.

आणि आईकडे चष्मा नाही. कधीच नव्हता. बँकेत, दवाखान्यात, माझ्या शाळेच्या सभेत ती हेच वाक्य म्हणायची, आणि मी सहावीत असल्यापासून शेजारी उभी राहून कागद वाचून दाखवायची. त्या वाक्याचा अर्थ या गावात कुणाला कळत असेल तर तो मला. ते वाक्य आठ दिवस मी दुकानाच्या बाकावर बसून ऐकलं होतं. कदाचित कळलं नाही असं नव्हतं. कदाचित हातात पेन आणि फॉर्म असताना मला ते कळून घ्यायचं नव्हतं. खरं काय ते मला अजून नक्की सांगता येत नाही.

आईलाही आपण काय बोललो ते उमगलं. ती हसली. "सवय जाहली," म्हणाली.

"आई, मग तू मामींच्या दुकानात इतकी वर्षं कसं घेतेस?"

"त्यांत काय? लाल दोरा दिवाळीचा. पिवळा बाळंतिणीचा. पांढरा लेकरांचा. मामा होते तेव्हांपासून." मग तिने पाकीट वर करून बघितलं. "यास दोराच नाही. बोटाला अडकवून न्यायचें कसें?"

मामांच्या पुड्यांना दोऱ्याचा फास असायचा. बोटात अडकवून, सायकलच्या हँडलला टांगून, छत्रीच्या मुठीला लावून लोक त्या नेत. मी लहानपणी तशीच नेली होती. नव्या पाकिटात आम्ही तो दोरा काढून टाकला होता, कारण एकाही फॉर्मवर दोऱ्याबद्दल कुणी लिहिलं नव्हतं. फॉर्मवर दोऱ्याचा प्रश्नच नव्हता.

सकाळी मी पहिल्या बसने गेले. अक्का अजून कुलूप उघडत होत्या. जिन्यातच सांगितलं, सगळं. घाईत होत्या असं मी लिहिलं ते खोटं होतं, असंही. मला वाटलं होतं, त्या म्हणतील उद्यापासून येऊ नकोस. मी ते ऐकायची तयारी करून आले होते.

अक्कांनी दार उघडलं, पंखा लावला. "काल दुकानात मला तीन बायकांनी लाल दोरा मागितला," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, जुनी सवय. का मागतात ते नाही कळलं. ते तू आणलंस." मग थोड्या वेळाने, "विचारून थांबले मी त्या दिवशी. तिथे थांबायला नको होतं. माझीही चूक आहे, सगळी तू घेऊ नकोस."

मी फॉर्मचा गठ्ठा फाडायला घेतला. त्यांनी हात धरला.

"फाडू नकोस. ज्यांनी भरला नाही त्यांच्या कोऱ्या फॉर्मच्या मागे लिही, त्या काय म्हणाल्या ते. जसंच्या तसं. तेच खरं उत्तर होतं."

नवीन छपाईला वेळ नव्हता. मामींना तो खर्चही झेपला नसता. अण्णांनी पाकीट उचललं, वरच्या कडेला टोच्याने भोक पाडलं आणि म्हणाले, "आम्ही अडाणी होतो तेव्हा दोरा होता. कॉलेज आलं, दोरा गेला. आता कॉलेजच दोरा घेऊन आलं!" ते मला 'कॉलेज' म्हणायचे. त्या दिवशी पहिल्यांदा ते टोमण्यासारखं लागलं नाही.

लाल, पिवळी, पांढरी रिळं खालच्या शिंप्याकडे मिळाली. बांधायला बसलो तर तिघांना मिळून तासाला मूठभर पाकिटंसुद्धा होईनात. अण्णांची गाठ सुटायची, माझा फास आवळायचा. मी आवळलेला आणखी एक फास सोडवला. मग म्हटलं, "माझी आई फुलं गुंफते."

हे एवढं वाक्य बोलायला मला इतके महिने लागले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी आई माझ्याबरोबर आली. फुलांचं काम सकाळचं असतं. तो जिना ती पदर सावरत चढली. अक्कांनी खुर्ची दिली तर म्हणाली, मला खालीच बरं, आणि भिंतीला टेकून पाय पसरून बसली. अक्का तिच्या शेजारी खाली बसल्या. आईने दोऱ्याचं टोक पायाच्या अंगठ्यात धरलं, एक वेढा, एक फास, दातांनी तोड. पाकीट बाजूला. अण्णा बघतच राहिले.

"अम्मा, हळू. आमची अब्रू जाते."

आई तमिळमध्ये म्हणाली, "तुमच्या अक्षरांएवढं काही अवघड नाही हे."

"माझी अक्षरं तुम्ही वाचलीत?"

"नाही," आई म्हणाली. "पण बघितली. गोल आहेत. छान आहेत."

तिने चष्म्याचं नाव काढलं नाही. मी मान खाली घालून भोकं पाडत राहिले.

तीन दुपारी आम्ही बांधत बसलो. मामीही येऊन बसल्या. आईचा फास बघून म्हणाल्या, यांचा थोडा मोठा असायचा, दोन बोटं जातील असा. आईने लगेच मोठा केला. पहिली पाकिटं दोऱ्यासकट दुकानाच्या दारात टांगली, रस्त्यावरून दिसतील अशी, आणि मी समोरच्या बाजूला उभी राहिले. फॉर्म नाही, पेन नाही. नुसती उभी. पापनाशमच्या बसमधून उतरलेली एक म्हातारी सरळ दुकानापुढे आली, वर बघून म्हणाली, "आला का आपला लाल दोरा!" पाकिटाकडे तिने पाहिलंही नाही. बोटात अडकवलं आणि चालू लागली.

दिवाळीच्या आदल्या दिवशी मामींचा मुलगा चेन्नईहून आला तेव्हा दुकानात उभं राहायला जागा नव्हती. मामींनी त्याला बॅग ठेवू दिली नाही, गल्ल्यामागे उभं केलं. मी आणि अक्का राहिलेला गठ्ठा द्यायला गेलो होतो. तो पाकीट हातात घेऊन मागचं बारीक छापलेलं वाचून गिऱ्हाइकाला सांगत होता, यात पिंपळी आहे, यात कोळिंजन आहे. समोरच्या बाईने त्याच्या हातावर हात ठेवला.

"तू वाचत बस, बाळा. मला आधी लाल दे. आणि सुनेसाठी एक पिवळा."

मामी खुदकन हसल्या. मुलगाही. त्याने पाकीट ठेवलं आणि दोरे बघून द्यायला लागला.

दिवाळीनंतर तो एकटाच परत गेला. मामी आम्हाला सांगायला आल्या नाहीत. आम्हाला कळलं ते असं, की पुढच्या सोमवारी त्यांनी निरोप पाठवला, पांढरा दोरा संपत आला आहे, तुझ्या आईला विचार कधी येते.

आई आता आठवड्यातून दोन दुपारी येते. अक्कांनी आणखी एक गोष्ट सुरू केली आहे. नवं काही तयार झालं की गिऱ्हाइकाला दाखवण्याआधी ते आईपुढे ठेवतात आणि काही न बोलता थांबतात. आई उलटसुलट करते, वजन बघते, कान लावून वाजवते. परवा एका कॉफीच्या डब्याबद्दल म्हणाली, "कुठून उघडायचं ते नाही कळत." अण्णांनी डबा घेऊन पुन्हा काम सुरू केलं.

बँकेत तिचा चष्मा अजूनही घरीच राहतो. मी तिच्या हातून कागद घेते आणि तिला एकटीला ऐकू येईल एवढ्याच आवाजात वाचते.